सूर्याचं वय आणि स्कॉटच्या स्लेजवरचे दगड

तुमच्या आठवीतल्या लेकीने सुट्टीत दोन पुस्तकं वाचली, एक ताऱ्यांवरचं आणि एक ध्रुवीय मोहिमांचं, आणि तुमच्यापुढे तीन प्रश्न टाकले. सूर्यावर ऑक्सिजन नाही, मग तो जळतो कसा? दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश मोहीमवीर स्कॉटची माणसं मरणाच्या दारात होती, तरी त्यांनी सोळा किलो दगड का ओढत आणले? आणि ध्रुवावर ना पाटी ना खांब, मग आपण पोहोचलो हे त्यांना कळलं कसं? पहिल्याचं उत्तर आधी द्या, बाकीची सवडीने चालतील, असं तुम्ही म्हणता. मी तिन्हींची एकदमच देते, कारण पहिले दोन प्रश्न एकमेकांच्या पोटातले आहेत.

पुण्यात तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. जवळजवळ तितकीच वर्षं हिवाळ्यात अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी मुलांना घेऊन पानशेतच्या बाजूला तारे दाखवायला जाते. ऑक्सिजनचा प्रश्न दर खेपेला येतो. दगडांचा प्रश्न मात्र आजवर कुणीच विचारला नव्हता. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आणि ते तिने स्वतः वाचावं अशी माझी इच्छा आहे.

सुरुवात तिच्या शंकेपासून. आपण सहज म्हणतो, सूर्य जळतो. पण जळणं म्हणजे इंधनाचा ऑक्सिजनशी संयोग, आणि तिने बरोबर पकडलं की तसं तिथे काही होत नाही. तरी घटकाभर धरून चालू या की होतं. आमच्या वाड्यात आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता. त्यात सकाळी कोळसे घातले की तासाभरात राख उरायची. सूर्य म्हणजे अख्खा कोळशाचा गोळा असता तर किती पुरला असता? सूर्याचं वस्तुमान २ वर तीस शून्यं इतके किलो. एक किलो चांगला कोळसा साधारण ३ कोटी ज्यूल उष्णता देतो. सूर्य दर सेकंदाला ३८ वर पंचवीस शून्यं इतके ज्यूल बाहेर टाकतो. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे ५,००० वर्षं. तिला हा हिशेब कागदावर स्वतः करू द्या. हडप्पा संस्कृती भरात होती तेव्हा पेटलेला सूर्य आता विझायला आला असता.

एकोणिसाव्या शतकातल्या लोकांनी हाच हिशेब केला आणि कोळसा बाजूला ठेवला. मग जर्मनीत हेल्महोल्ट्झ आणि ब्रिटनमध्ये लॉर्ड केल्विन यांनी फार चांगली कल्पना मांडली. सूर्य स्वतःच्याच वजनाने हळूहळू आकसतोय, आणि उंचावरून पडणारा दगड जसा आपटल्यावर तापतो तशी त्या आकसण्यातून उष्णता निघते. यात ऑक्सिजन लागत नाही. या मार्गाने सूर्याला मिळतात सुमारे २ ते ३ कोटी वर्षं. पुष्कळ विद्यार्थी केल्विनचं नाव आलं की 'तो चुकला' एवढंच लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. आजही जे तारे नव्याने जन्माला येत आहेत ते पहिल्या काळात आकसण्याच्याच उष्णतेवर चमकतात. आपला सूर्यही सुरुवातीला तसाच चमकला. केल्विनचं भौतिकशास्त्र खरं होतं. सूर्याच्या पोटात आणखी एक चूल आहे, हे तेव्हा कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं.

पण त्याच काळात दगड वाचणारी माणसं वेगळंच सांगत होती. गाळाचे थर इतके जाड, जीवांमधले बदल इतके संथ, की २-३ कोटी वर्षं त्यांना कुठेच पुरत नव्हती. डार्विनने १८५९ साली इंग्लंडमधल्या एका दरीची झीज मोजून ३० कोटी वर्षांचा अंदाज छापला होता. टीका झाल्यावर पुढच्या आवृत्त्यांतून तो काढून टाकला. भौतिकशास्त्राचा दबदबा तेव्हा तेवढा होता.

पुण्यात राहणाऱ्याला हे भांडण समजायला लांब जायला नको. पर्वतीच्या पायऱ्या चढताना बाजूला जो काळा कातळ दिसतो तो लाव्हारसाचा बेसाल्ट आहे, आणि दख्खनच्या या खडकाचं वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. म्हणजे आपल्या पायाखालचा दगडच केल्विनच्या सूर्यापेक्षा दुपटीहून म्हातारा. बापाआधी पोरगं जन्माला आल्यासारखं हे झालं. अर्थात खडकाचं वय असं वर्षांत सांगण्याची सोय केल्विनच्या उमेदीत नव्हती. १८९६ मध्ये किरणोत्सर्ग सापडला, आणि मग युरेनियमचं शिसं किती झालं हे मोजून खडकाचं वय काढता येऊ लागलं. १९११ मध्ये आर्थर होम्स नावाच्या एकवीस वर्षांच्या इंग्रज तरुणाने या रीतीने काढलेली वयं प्रसिद्ध केली. नॉर्वेतला एक खडक ३७ कोटी वर्षांचा निघाला.

१९११ हे साल ध्यानात ठेवा. त्याच वर्षी दोन तुकड्या दक्षिण ध्रुवाकडे चालल्या होत्या. नॉर्वेचा अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला पोहोचला. स्कॉट आणि त्याचे चार सोबती १७ जानेवारी १९१२ ला पोहोचले, तेव्हा त्यांच्या आधी कुणीतरी येऊन गेलं होतं. परतीच्या वाटेवर, ८ फेब्रुवारीला, ते बिअर्डमोर हिमनदीच्या वरच्या टोकाला माउंट बकलीच्या पायथ्याशी आले. कित्येक आठवडे बर्फाशिवाय काही दिसलं नव्हतं, आणि समोर उघडा खडक, त्यात कोळशाचे पट्टे. या भागात कोळसा आहे हे तीन वर्षांपूर्वी शॅकलटनच्या मोहिमेतल्या फ्रँक वाइल्डने पाहिलं होतं. एडवर्ड विल्सन हा तुकडीतला डॉक्टर, प्राणिशास्त्रज्ञ आणि हाडाचा चित्रकार. त्याला तिथे दगडांत पानांचे ठसे दिसले. दुपार त्यांनी दगड गोळा करण्यात घालवली. १६ किलोंच्या आसपास नमुने स्लेजवर चढले. कुत्री नाहीत, घोडे नाहीत; स्लेज माणसंच ओढत होती.

पुढचं तिने वाचलंच आहे. १७ फेब्रुवारीला एडगर इव्हान्स गेला. मार्चच्या मध्यात ओट्स तंबूतून हिमवादळात निघून गेला. स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स वाटेत आधीच ठेवलेल्या अन्न-तेलाच्या पुढच्या मोठ्या साठ्यापासून सुमारे १८ किलोमीटरवर अडकले. डायरीतली शेवटची नोंद २९ मार्चची. शोधपथकाला १२ नोव्हेंबर १९१२ ला तंबू सापडला, आणि स्लेजवर ते दगड होते.

आता ते पान. माझ्या टेबलावर एक दगड आहे, नागपूरजवळच्या कामठी भागातला. भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने दिलेला. तळहातात मावेल एवढा, फिकट विटकरी रंगाचा, हाताला खडूसारखा लागतो. त्यावर एक पान आहे. आंब्याच्या पानासारखं लांबट, टोकाला गोलसर, जिभेच्या आकाराचं. मधली शीर ठसठशीत. भिंग धरलं की तिच्या दोन्ही बाजूंना तिरक्या शिरा दिसतात, आणि त्या एकमेकींना मिळून माशाच्या जाळ्यासारखी बारीक जाळी विणतात. उजेड तिरका पडला तरच ती जाळी उठून दिसते, म्हणून मी मुलांना दगड हातात देते आणि सांगते, विजेरी वरून धरू नका, बाजूने धरा. पहिल्यांदा जाळी दिसते तेव्हा प्रत्येक मूल गप्प होतं. हे झाड म्हणजे ग्लॉसॉप्टेरिस. ग्रीक भाषेत जिभेसारखं नेचं. प्रत्यक्षात ते नेचं नव्हतं, मोठा वृक्ष होता, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

स्कॉटच्या स्लेजवरचे ठसे केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ सेवर्ड यांनी तपासले आणि १९१४ मध्ये ओळख जाहीर केली: ग्लॉसॉप्टेरिस इंडिका. नावातच इंडिका, कारण ही जात आधी भारतातल्या कोळशाच्या थरांतून माहीत झाली होती. म्हणजे त्या पाच जणांनी जीव टांगणीला लावून जे पान ओढून आणलं, तेच पान आपल्या नागपूर-चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात सापडतं. (पुढे याच सेवर्ड यांच्या हाताखाली आपले बिरबल साहनी शिकले, आणि दोघांनी मिळून भारतातल्या या जीवाश्मांचा नव्याने अभ्यास केला.) हे झाड समुद्र ओलांडून एवढं लांब पसरलं हे पटणं अवघड. भारत, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका एकेकाळी जोडलेले होते, याचा हा भक्कम पुरावा ठरला. त्या जोडखंडाचं नाव गोंडवन, आपल्या गोंड प्रदेशावरून आलेलं.

आणि इथे तिचे दोन प्रश्न एकत्र येतात. हे झाड २५ कोटी वर्षांहून जुनं आहे. तेव्हाही अंटार्क्टिका ध्रुवाजवळच होती, त्यामुळे हिवाळ्यात तिथे कित्येक आठवडे सूर्य उगवतच नसणार. या झाडांच्या लाकडात वर्षवलयं दिसतात आणि पानांचे थरच्या थर सापडतात. उजेड संपत आला की पानं गाळायची आणि उजेड आला की भराभर वाढायचं, असा त्यांचा क्रम असावा. म्हणजे तेव्हाही सूर्य ठरल्या वेळी येत होता, जात होता, आणि त्याचं ऊन आजच्या इतकंच होतं, फार तर दोन-अडीच टक्के कमी. तो पाच-दहा टक्क्यांनी जरी लहरी असता तरी जंगलांवर जंगलं साठून कोळशाचे जाड थर झाले नसते. ते पान म्हणजे सूर्याची त्या दिवसाची हजेरी आहे. दगड सांगतोय: मी २५ कोटी वर्षांपूर्वी ऊन खाल्लं. मग २-३ कोटी वर्षं पुरणारी चूल सूर्याची असूच शकत नाही.

कुठली चूल, ते मग आठ वर्षांत उलगडायला लागलं. १९२० मध्ये ॲस्टनने अणूंची वजनं बारकाईने मोजली. हायड्रोजनचे चार अणू वेगवेगळे तोलले तर त्यांचं वजन हेलियमच्या एका अणूपेक्षा थोडं जास्त भरतं. चार जोडून एक केला की ०.७ टक्के वजन कमी होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एडिंग्टन यांनी कार्डिफच्या व्याख्यानात मांडलं की हेच हरवलेलं वजन आइनस्टाइनच्या सूत्राप्रमाणे ऊर्जा होऊन बाहेर पडत असेल. सूर्य मुळात हायड्रोजनचाच आहे हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. ते सेसिलिया पेन हिने १९२५ मध्ये दाखवलं, आणि त्यासाठी तिने आपल्या मेघनाद साहांचं १९२० चं समीकरण वापरलं. नेमक्या अणुप्रक्रिया हान्स बेथे यांनी १९३९ पर्यंत बसवल्या.

हेलियमचा विषय निघालाच आहे तर एक दुरुस्ती. आपल्याकडे सर्रास सांगतात की हेलियमचा शोध इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयर यांना १८६८ साली विजयदुर्गावर लागला. लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्येच होते. ते विजयदुर्गावर आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. १८६८ चं ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिलं होतं. १८९८ च्या त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक नायगमवाला आपली तुकडी घेऊन सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत तेव्हा वीस इंची दुर्बीण होती, देशातली सर्वांत मोठी. ही खरी गोष्ट आपण मुलांना सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता सूर्याची चूल. पुस्तकं सांगतात की सूर्य म्हणजे सतत फुटणारा हायड्रोजन बॉम्ब. हे चित्र मनातून काढून टाका. सूर्याच्या केंद्रात दीड कोटी अंश तापमान आहे, पाण्याच्या दीडशेपट घनता आहे, तरी तिथलं ज्वलन (म्हणजे ऑक्सिजनचं जळणं नव्हे, हायड्रोजन जोडून हेलियम होणं) कमालीचं मंद आहे. दोन प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनच्या अणूंचे गाभे, एकमेकांना ढकलतात. त्यातून ते क्वचित जवळ आलेच तर त्याच क्षणी त्यातल्या एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, तरच जोडी टिकते. एका प्रोटॉनला हा योग यायला सरासरी अब्जावधी वर्षं लागतात. परिणाम असा की सूर्याच्या अगदी केंद्रातला एक घनमीटर भाग ३०० वॉटपेक्षाही कमी उष्णता देतो. आपलं शरीर नुसतं बसून असतं तेव्हाही त्याच आकारमानाच्या हिशेबाने याच्या कितीतरी पट देतं.

यावर वर्गात कुणाचाच विश्वास बसत नाही. मग मी आमच्या सोसायटीतल्या ओल्या कचऱ्याच्या खड्ड्याचं सांगते. एक बादलीभर सालं-देठं कोपऱ्यात ठेवली तर कोमटसुद्धा होत नाहीत. तोच कचरा छातीभर उंचीच्या खड्ड्यात साठला की मधे ६० अंशांपर्यंत चढतो. थर्मामीटरची लांब दांडी खुपसून मी मुलांना दाखवलंय, आणि काढताना तिच्यावरून वाफ येते. चिमूटभर कचऱ्यातून निघणारी ऊब दोन्हीकडे सारखीच. पण मोठ्या ढिगाला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग थोडा, त्यामुळे ऊब बाहेर पडायला वाट अपुरी. सूर्य म्हणजे तेरा लाख पृथ्व्या मावतील एवढा ढीग. थेंबे थेंबे तळे साचे. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो आणि ४० लाख टन वजन प्रकाश होऊन निघून जातं, तरी ढिगाच्या मानाने ते काहीच नाही. हायड्रोजनचा फक्त दहावा हिस्सा केंद्रात वापरला जाईल असं धरलं, त्यातले ०.७ टक्के ऊर्जा झाले, तर सूर्याला मिळतात १,००० कोटी वर्षं. त्यातली सुमारे ४६० कोटी सरली आहेत.

आणि हे सगळं स्थिर कसं राहतं? केंद्रात ज्वलन जरा वाढलं की वायू फुगतो, फुगला की थंडावतो, थंडावला की ज्वलन उतरतं. उलट झालं की आकसतो आणि तापतो. माझ्या मते ताऱ्यांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही. तारा गरम आहे कारण तो स्वतःच्या वजनाखाली दाबला गेलाय. केंद्रातली चूल त्याने बाहेर घालवलेली उष्णता भरून काढते, म्हणून त्याला आकसावं लागत नाही. केल्विनची कल्पना या अर्थाने अजून जिवंत आहे.

आत हे खरोखर चाललंय हे कुणी पाहिलं का, असं ती विचारेल. होय. त्या प्रक्रियेत न्यूट्रिनो नावाचे कण निघतात आणि आठ मिनिटांत इथे पोहोचतात. तिच्या अंगठ्याच्या नखातून दर सेकंदाला सुमारे ६,५०० कोटी जातात. २०१४ मध्ये इटलीतल्या डोंगराखालच्या बोरेक्सिनो प्रयोगाने त्या पहिल्या, प्रोटॉन-प्रोटॉन पायरीतले न्यूट्रिनो थेट पकडले, आणि त्यांची संख्या हिशेबाशी जुळली.

आता दगड टाकून दिले असते तर ती माणसं वाचली असती का? मला नाही वाटत. रॉकेलच्या डब्यांतलं तेल साठ्यांवर अपेक्षेपेक्षा कमी निघालं, आणि तेल कमी म्हणजे वितळवलेलं पाणी कमी. खाणं दिवसाला सुमारे साडेचार हजार कॅलरींचं, आणि स्लेज ओढायला त्याहून बरंच जास्त लागतं. मार्चमधली थंडी इतकी कडक होती की बर्फ वाळूसारखं झालं, स्लेज घसरेना. या सगळ्यापुढे सोळा किलोंचा भार फार नव्हता. स्कॉटच्या नियोजनावर मी बाकी बाबतीत बोट ठेवेन. त्या दुपारी विल्सनला थांबू दिलं, यावर ठेवणार नाही.

राहिला तिसरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर ती गच्चीवर स्वतः मिळवू शकते. ध्रुवावर सूर्य दिवसभर एकाच उंचीवरून गोल फिरतो. अमुंडसेनच्या लोकांनी पाऱ्याच्या थाळीत सूर्याचं प्रतिबिंब पाहून सेक्स्टंट या कोन मोजायच्या यंत्राने चोवीस तास दर तासाला ती उंची मोजली, आणि चूक राहू नये म्हणून तिघे जण तीन दिशांना स्कीवरून खुणा रोवून आले. येत्या १४ डिसेंबरला तिला एक मीटरची काठी गच्चीत उभी करायला सांगा. सकाळी सावली लांब असेल. साडेबाराच्या सुमारास सर्वांत आखूड, ८९ सेंटिमीटरच्या आसपास. मग पुन्हा लांबत जाईल. दर तासाला टोकाशी खडूने खूण करायची. त्याच दिवशी, त्याच काठीची सावली दक्षिण ध्रुवावर २ मीटर ३३ सेंटिमीटर भरेल, आणि टोकाच्या चोवीस खुणा जोडल्या की पूर्ण वर्तुळ होईल. आणि दगड बघायचा असेल तर तिला घेऊन या. भिंग माझ्याकडे आहे, विजेरी तेवढी आणा.